टायर काही बसेना

बाइकचा मागचा टायर बदलायची पंक्चरवाल्याने दीडशे रुपये मजुरी सांगितली आणि माझ्यातला स्वावलंबी माणूस भर रस्त्यात जागा झाला. तेवढ्या पैशांत टायर काढायच्या दोन पट्ट्या येतात की! मी आणल्या. त्या भरात नवी ट्यूबही.

रविवारी पार्किंगमध्ये चाक आडवं टाकलं. जुना टायर निमूट निघाला, बहुधा तोही कंटाळला होता. नवा मात्र इकडून आत ढकलला की तिकडून बाहेर, भरलेल्या लोकलच्या दारातल्या शेवटच्या माणसासारखा. टायरच्या काठात पोलादी तार असते, ती ताणत नाही. समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली तरच इकडची रिमवरून उतरते, हे करंगळी चेचल्यावर समजलं. शेवटच्या वीतभर काठासाठी दोन्ही गुडघे, एक कोपर आणि घरातला भांड्यांचा साबण कामी आला.

“अहो, नवा पाऊच होता तो!” गॅलरीतून आवाज आला.

तळमजल्यावरचे काका पेपर संपवून टायर वाचायला लागले होते. “२.७५-१८... अरे, ट्यूब टाइप लिहिलंय.”

“हो काका, घातलीय ट्यूब.”

हवा भरली आणि खरा छळ सुरू झाला. टायरच्या काठालगत एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. आमची रेघ तीन बाजूंना शहाण्यासारखी, व्हॉल्व्हपाशी मात्र रिममध्ये गडप. चाक फिरवलं की वरातीतून परतणाऱ्या मामासारखं झुलायचं. हवा सोड, साबण चोळ, व्हॉल्व्ह आत ढकल, पुन्हा पंप. पायपंपाने ४० पौंड हवा भरणं म्हणजे आळंदी ते पंढरपूर, तेही एका पायाने. टायर उन्हात ठेवला, आपटला, शेवटी “बस रे बाबा” म्हणून हातही जोडले.

चौथ्या खेपेला ‘टप्प!’ रेघ वर आली. काकांनी टाळी दिली, माझा हात साबणाचा आहे हे त्यांना नंतर कळलं. जास्तीची हवा सोडली, चाक चढवलं, चेन ताणली, नट आवळले. पट्ट्या पुसून ठेवल्या, अगदी दसऱ्याच्या हत्यारांसारख्या.

काकांचं वाचन चालूच होतं. आता ते गाडीच्या पलीकडे जाऊन उकिडवे बसले.

“अरे,” ते म्हणाले, “इथे ‘रोटेशन’ लिहून बाण काढलाय. हा उलटा कुठे निघालाय?”