हॅलोविनला पणत्या पायरीवर नको, देवापुढे लावा

2024 साली आमच्या न्यू जर्सीत लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले, 31 ऑक्टोबरला. पूजा आटोपली, बाहेरच्या पायऱ्यांवर नेहमीसारख्या पणत्या लावल्या. साडेसहाच्या सुमारास वेष करून 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत दारोदार खाऊ मागणाऱ्या मुलांचा पहिला घोळका आला. त्यात चार-पाच वर्षांची एक चिमुरडी, अंगात परीचा पायघोळ नायलॉनचा झगा. चॉकलेट घ्यायला वाकली आणि झग्याचा घोळ मागच्या पणतीवरून घासत गेला. ज्योत विझली म्हणून निभावलं. काठाचा नखाएवढा तुकडा वितळून काळा, कडक झाला होता. तिच्या आईने तो दोन बोटांत धरून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. मी सगळ्या पणत्या उचलून आत नेल्या तेव्हा हात थरथरत होते.

फटाके उडवताना सुती कपडेच घालायचे, हे आईने लहानपणी किती वेळा बजावलं असेल! सिंथेटिक कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. हे सगळं माहीत असूनही माझ्या डोक्यात आलं नाही. आता बाहेर फक्त बॅटरीचे दिवे, हॅलोविनच्या कोरलेल्या भोपळ्याच्या आतही तेच. तेलाच्या पणत्या देवापुढे. रांगोळीसुद्धा पायरीवर नाही, बाजूला. मुखवट्यातून मुलांना पायाखालचं दिसत नाही, घसरतात.

दरवर्षी व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतो, अनोळखी लोक चॉकलेटमध्ये विष घालतात. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या, तर अशा रीतीने परक्याने मूल मारल्याची एकही खात्रीशीर घटना त्यांना सापडली नाही. 1974 मध्ये टेक्सासला एक मुलगा दगावला होता खरा, पण विष घालणारा त्याचा बापच होता, विम्याच्या पैशांसाठी. चॉकलेटं जरूर तपासा, पण सगळी काळजी तिथेच खर्च करू नका.

खरी भीती रस्त्याची आहे. अमेरिकेतल्या 42 वर्षांच्या नोंदींचा अभ्यास 'जामा पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींच्या तुलनेत हॅलोविनला पायी चालणाऱ्यांचा गाडीखाली मृत्यू होण्याचा धोका 43 टक्क्यांनी जास्त, आणि 4 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी दहापट. दहापट! काळा बॅटमॅन अंधारात कुणाला दिसणार? पाठीवर चमकणारी पट्टी चिकटवा, हातात टॉर्च द्या, मुखवट्याऐवजी चेहरा रंगवा.

एक मात्र कळवळून सांगते, दारात आलेल्या मुलांच्या हातावर प्रेमाने काजूकतली ठेवू नका. काजूची अॅलर्जी जिवावर बेतू शकते. 2014 पासून इथे निळसर-हिरवा भोपळा दारात ठेवायची पद्धत देशभर पसरली आहे. त्या घरी खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिली मिळतात. आम्हीही ठेवतो.

आणि त्या संध्याकाळी कुणाकडे फराळाला निघणार असाल, तर कॉलनीतून गाडी अगदी सावकाश काढा. उशीर होतोय असं वाटलं तर यजमानांना फोन करा, ते थांबतील.