करून पाहा, मग पुसून काढा

पाठ्यपुस्तकात 'करून पाहा' असं लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी तिसरीच्या वर्गातली फरशी पुसलेली नसावी, असा माझा दाट संशय आहे.

हसतखेळत विज्ञान शिकवा, असं वरून फर्मान आलं तेव्हापासून हसणं मुलांच्या वाट्याला आणि खेळ माझ्या जिवाशी, अशी वाटणी झाली आहे. "उद्या येताना एकेक वस्तू आणा" म्हटलं की दुसऱ्या दिवशी टेबलावर बाटल्यांच्या झाकणांचा ढीग, आणि बाटली एकही नाही. फुगे येतात, पण वर्गात पोचेपर्यंत फुटलेले.

खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसून फेस येतो. इथवर वर्ग माझा असतो. यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, हे वाक्य मात्र आजवर कोणी पूर्ण ऐकलेलं नाही, "परत, बाई, परत!"च्या गजरात ते वाहून जातं. मग मी हुकमाचं पान काढते. फेस बसला की भांडं पेटत्या मेणबत्तीवर अलगद तिरकं करायचं. थेंबही सांडू द्यायचा नाही. आतला वायू हवेपेक्षा जड, तो काठावरून ओघळतो आणि ज्योत गपकन मान टाकते. न दिसणारी वस्तू ओतून दाखवली! मी टाळ्यांची वाट पाहते. मागच्या बाकावरून निकाल येतो, "बाईंनी हळूच फुंकर मारली." पुढचा सगळा तास मी तोंडाला रुमाल बांधून तोच प्रयोग करत होते.

लिंबाच्या बॅटरीची तऱ्हा आणखी वेगळी. लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोचला, तर एक व्होल्टही धड मिळत नाही. लाल एलईडीला साधारण दोन लागतात. म्हणून तीन-चार लिंबं ओळीने जोडायची. एवढं करून दिवा लागतो तो काजव्यालाही लाज वाटेल इतका. खिडक्या बंद, डोक्याला डोकी, ओंजळींचा आडोसा. "दिसला!" म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याने आपली तार अजून जोडलीच नव्हती.

हे सगळं परवडलं. तपासणीला येणारे साहेब परवडत नाहीत. ते आले त्या दिवशी मी परातीत पाणी घेऊन मधोमध मेणबत्ती लावली होती आणि वर काचेची बरणी उपडी घातली होती. ज्योत विझली, पाणी बरणीत चढलं. साहेबांना राहवलं नाही. "हवेत ऑक्सिजन 21 टक्के. मेणबत्तीने तो खाल्ला, म्हणून तेवढी जागा पाण्याने घेतली!" हे उत्तर इतकं सुबक आहे, की अजून खपतंय.

पेन्सिलीला टोक काढण्याखेरीज एरवी कशातच लक्ष नसलेली एक मुलगी उठली. "पण सर, जळत होती तेव्हा पाणी थोडंसंच चढलं. विझल्यावर भस्सकन चढलं."

"आणि आधी कडेने बुडबुडे आले," शेजारच्याने पुरवणी जोडली.

मी खिडकीबाहेर बघू लागले. तापलेली हवा फुगते, थोडी निसटते. ज्योत विझली की उरलेली गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो, हे मला ठाऊक होतं. पण बढतीच्या कागदावर सही साहेबांची व्हायची होती.

"त्याच बरणीत चार मेणबत्त्या लावू या," मुलीने तोडगा काढला. "ऑक्सिजन तर तेवढाच ना?"

चार पेटल्या. बरणी उपडी झाली, बुडबुड्यांची रांग निघाली आणि विझताच पाणी आधीच्या खुणेच्या बरंच वर गेलं. वर्गाने बाकं बडवली. साहेब खूण बघायला वाकले, तेवढ्यात कोणीतरी उत्साहाने बरणी उचलली आणि परात कलंडली.

ओल्या बुटांनीच त्यांनी शेरा लिहिला: "विज्ञानाचा तास उत्साहपूर्ण. शिस्तीकडे लक्ष द्यावे. मेणबत्त्या काटकसरीने वापराव्यात."