नॅनर्लच्या नावावर भावाचं संगीत लावू नका

आठ मार्चला आमच्या परभणीच्या एका ग्रुपवर आलेला मजकूर आता पालकांच्या ग्रुपवरूनही फिरतोय. त्यात म्हटलंय की अठराव्या शतकातला युरोपातला संगीतकार मोझार्ट याचं संगीत खरं तर त्याची थोरली बहीण मारिया आना (घरातलं नाव नॅनर्ल) हिनं लिहिलं, बापानं तिचं वाजवणं बंद पाडलं, भावानं श्रेय लाटलं आणि ती कंगाल होऊन मेली. मी पोरींना पेटी शिकवते. बाईला न्याय मिळावा असं मलाही वाटतं, म्हणूनच हा मजकूर मला सहन होत नाही.

आधी संगीताचं बघू. मोझार्टच्या स्वतःच्या अक्षरातली हस्तलिखितं ढिगानं आहेत. फेब्रुवारी 1784 पासून तो एका वहीत प्रत्येक नव्या रचनेची तारीख आणि सुरुवातीचे स्वर टिपायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॅनर्लचं लग्न झालं आणि ती तळ्याकाठच्या सेंट गिल्गेनला नांदायला गेली. नवरा दोनदा विधुर, पदरात पाच मुलं. 1786 ला व्हिएन्नात ‘फिगारो’ आणि 1787 ला प्रागमध्ये ‘डॉन जोव्हानी’ ही त्याची संगीतनाटकं रंगमंचावर आली तेव्हा ती त्या संसारात होती. रचना जायच्या त्या भावाकडून बहिणीकडे. 1782 मध्ये त्यानं तिला एक फ्यूग (एकच धून पाठोपाठ वेगवेगळ्या आवाजांत येते अशी रचना) पाठवला आणि घाईनं वाजवू नको म्हणून बजावलं.

मग तिचा वाटा काय? तो फार मोठा आहे, आणि नेमका तोच या मजकुरात नाही. 1759 मध्ये वडील लिओपोल्ड यांनी सात-आठ वर्षांच्या नॅनर्लसाठी धड्यांची वही केली. धाकटा वोल्फगांग, म्हणजे आपला मोझार्ट, त्याच वहीतून शिकला. एका मिन्युएटखाली (नाचाच्या छोट्या धुनेखाली) वडिलांनी लिहून ठेवलंय की पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, 26 जानेवारी 1761 ला साडेनऊ वाजता, पोरानं हा अर्ध्या तासात बसवला. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचा लहान भाऊ दारात चपलांपाशी बसून असतो. ताईचे अलंकार त्याला ऐकूनच पाठ झालेत. ती मध्यमावर अडखळली की तो तिथूनच पुढचा सूर लावतो. मोझार्टांच्या साल्झबर्ग शहरातल्या त्या घरात ताई नॅनर्ल होती. पुढं 1764 ला लंडनमध्ये आठ वर्षांचा भाऊ पहिली सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) लिहीत असताना ती शेजारी बसून नक्कल उतरवत होती. हॉर्नला (फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याला) काहीतरी चांगलं द्यायची आठवण कर, असं तो म्हणाल्याचं तिनंच म्हातारपणी सांगितलं.

बापानं वाजवणं बंद पाडलं, हेही खरं नाही. बंद झाले ते दौरे. 1763 ते 66 दोघं भावंडं युरोपभर राजदरबारांत वाजवत हिंडली. पण डिसेंबर 1769 मध्ये बापलेक इटलीला निघाले तेव्हा अठरा वर्षांची नॅनर्ल आईजवळ राहिली. पोरगी लग्नाची झाली की तिचं चारचौघांत वाजवणं थांबवतात, हे आमच्याकडच्या बायांना समजावून सांगावं लागत नाही. माझा सगळा राग इथं आहे. घरात मात्र तिचं शिक्षण चालू राहिलं, आणि तिनं पियानोच्या शिकवण्याही केल्या.

श्रेय लाटल्याचा तर कुठं पुरावाच नाही. दुरावा मात्र आला. 1783 नंतर त्यांची भेट झाली नाही. तरीही भाऊ गेल्यावर घरची पत्रं जपून चरित्रकारांच्या हाती देणारी तीच.

आणि कंगाल? नवरा वारल्यावर 1801 मध्ये ती साल्झबर्गला परतली आणि पुन्हा शिकवू लागली. शेवटी दृष्टी गेली, अंथरूण धरलं. 1829 मध्ये लंडनचे चाहते तिच्यासाठी पैसे जमवून घेऊन आले, ती गरिबीत आहे असं समजून. त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला ती वारली, तेव्हा मागं साडेसात हजार गुल्डनच्या (तिथल्या तेव्हाच्या नाण्याच्या) वर रक्कम निघाली.

चोरी शोधणाऱ्यांनी तिचं काय हरवलं ते बघावं. इथून जवळच्या गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर आले, पण ‘नामयाची जनी’ ही मुद्रा त्यांवर राहिली, म्हणून ते तिचेच राहिले. नॅनर्लनंही एक गाणं रचून भावाला पाठवलं होतं. जुलै 1770 मध्ये त्यानं रोमहून कळवलं की तू इतकं छान रचू शकतेस याचं मला नवल वाटतं, गाणं सुंदर आहे, असंच करत जा. ते पत्र आहे. गाण्याचा एक सूरही उरलेला नाही.