एका निकालाने शाळा एक झाल्या? व्हर्जिनियात काय घडलं ते वाचा

मराठी गटांमधून एक मजकूर वारंवार पुढे ढकलला जातो. त्याचं सार असं: अमेरिकेत शाळांमधला वर्णभेद 1954 साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने संपला. त्यासाठी कुणाला संप करावा लागला नाही. गोऱ्यांनी कुरकुर केली, पण निकाल पाळला. मारझोड झाली ती मिसिसिपी-अलाबामात. व्हर्जिनियासारखं सुसंस्कृत राज्य शांतपणे बदललं. धीर धरला की न्याय आपोआप मिळतो.

शेवटच्या वाक्यासाठीच हा मजकूर पाठवला जातो. रस्त्यावर उतरणाऱ्यांना गप्प बसवायला तो सोयीचा आहे. म्हणून व्हर्जिनियाचंच उदाहरण घेऊन त्यातला एकेक दावा तपासतो.

संप झाला नाही म्हणे. मग 23 एप्रिल 1951 ला फार्मव्हिल गावात काय झालं? प्रिन्स एडवर्ड या काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) या गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी मोटन हायस्कूल होतं. शाळा 1939 साली बांधली ती 180 मुलांसाठी, आणि 1951 पर्यंत तिथे साडेचारशेच्या आसपास मुलं झाली होती. नवी इमारत मागितली तर काउंटीने डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी शेड उभ्या करून दिल्या. पाऊस आला की आत गळायचं. गोऱ्या मुलांची शाळा त्याच गावात होती आणि तिच्यात जे होतं ते इथे नव्हतं: व्यायामशाळा नाही, उपाहारगृह नाही.

सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने काही मुलांना हाताशी धरून गुपचूप बेत आखला. मुख्याध्यापकांना एका खोट्या फोनने शाळेबाहेर काढलं. मग त्यांच्या नावाने वर्गावर्गात चिठ्ठ्या गेल्या की सगळ्यांनी सभागृहात जमावं. पडदा उघडला तेव्हा मंचावर मुख्याध्यापक नव्हते, बार्बरा होती. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि अख्खी शाळा संपावर गेली. संप दोन आठवडे चालला.

मुलांनी एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या वकिलांना पत्र लिहिलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन आले. त्यांनी अट घातली की नुसत्या चांगल्या इमारतीसाठी लढणार नाही, वेगळ्या शाळा ठेवण्याच्या पद्धतीलाच आव्हान द्यायचं असेल तर लढू. मुलं आणि पालक कबूल झाले. 117 मुलांच्या नावाने दावा दाखल झाला. वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा 1954 चा तो प्रसिद्ध ‘ब्राऊन’ निकाल ज्या खटल्यांवर एकत्र लागला त्यांतला हा एक. म्हणजे ज्या निकालाचा दाखला देऊन ‘संपाची गरज नव्हती’ असं सांगितलं जातं, त्या निकालातच एक शालेय संप आहे. त्याची किंमतही मोजावी लागली. मुख्याध्यापक बॉईड जोन्स यांची नोकरी गेली. बार्बराच्या जिवाची काळजी वाटून घरच्यांनी तिला अलाबामात काकांकडे पाठवलं.

आता ‘निकाल पाळला’ या दाव्याकडे वळू. 1955 च्या पुढच्या आदेशात न्यायालयाने मुदतच घातली नाही. ‘विचारपूर्वक वेगाने’ अंमल करा, एवढंच म्हटलं. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी 1956 साली प्रचंड प्रतिकाराची हाक दिली. ही कुरकुर नव्हती, हे राज्याचं अधिकृत धोरण होतं. विधिमंडळाने कायदेच तसे केले: न्यायालयाच्या आदेशाने एखाद्या गोऱ्यांच्या शाळेत कृष्णवर्णीय मूल जाणार असेल तर गव्हर्नरने ती शाळा बंद करायची. सप्टेंबर 1958 मध्ये गव्हर्नर लिंडसे अॅल्मंड यांनी वॉरन काउंटी, शार्लट्सव्हिल आणि नॉरफोक इथल्या शाळांना खरोखरच कुलपं लावली. एकट्या नॉरफोकमध्ये सहा शाळा बंद झाल्या आणि सुमारे दहा हजार मुलं घरी बसली. त्यातली बहुतेक सगळी गोरी होती! शेजारच्या बाकावर काळं मूल नको म्हणून सरकारने आपल्याच मुलांचं शिक्षण थांबवलं. 19 जानेवारी 1959 ला राज्याच्या आणि संघराज्याच्या, अशा दोन्ही न्यायालयांनी हे कायदे मोडीत काढले. तेव्हा कुठे 2 फेब्रुवारीला नॉरफोकमध्ये 17 आणि आर्लिंग्टनमध्ये 4 कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली. ‘ब्राऊन’ निकालाला तोवर जवळपास पाच वर्षं होत आली होती.

प्रिन्स एडवर्ड काउंटी मात्र याहूनही पुढे गेली, आणि सगळ्यात जास्त राग येतो तो हे वाचताना. 1959 साली तिथल्या काउंटी मंडळाने शाळांसाठी कर लावायलाच नकार दिला. पैसा नाही म्हणजे शाळा नाही. अख्ख्या काउंटीतल्या सरकारी शाळा बंद झाल्या, त्या 1964 पर्यंत. पाच वर्षं! गोऱ्यांनी आपल्या मुलांसाठी खासगी अकादमी काढली आणि तिच्या फीसाठी सरकारी अनुदान व करसवलतीही मिळवल्या. सुमारे सतराशे कृष्णवर्णीय मुलांपुढे काहीच उरलं नाही. त्यांच्यासाठीही वेगळी खासगी शाळा काढून देण्याची तयारी दाखवली गेली, पण ती घेणं म्हणजे सरकारी शाळेवरचा हक्क सोडून देणं होतं. त्यांनी ती घेतली नाही.

रेव्हरंड एल. फ्रान्सिस ग्रिफिन आणि इतरांनी चर्चच्या तळघरांत वर्ग चालवले. काही मोठी मुलं नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजात गेली, काहींना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेने परराज्यांतल्या कुटुंबांकडे ठेवलं. ज्यांना नातेवाईक नव्हते, पैसे नव्हते, ती शेतावर कामाला लागली. सहा वर्षांचं मूल अकराचं झालं तरी त्याला अक्षरओळख नसायची. कित्येक जण पुन्हा शाळेत आलेच नाहीत. 1963 साली देशाचे अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, रॉबर्ट केनेडी यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं की जगात मोफत सार्वजनिक शिक्षण न देणारी मोजकी ठिकाणं आहेत, आणि कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनामबरोबर त्या यादीत प्रिन्स एडवर्ड काउंटीचं नाव घेतलं. त्याच वर्षी खासगी देणग्यांवर एक वर्षासाठी मोफत शाळा उघडल्या. मे 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काउंटीविरुद्ध निकाल देताना सांगितलं की ‘विचारपूर्वक वेगा’ची वेळ संपली, आणि शाळा चालवण्यासाठी कर लावायचा आदेश काउंटीला देता येईल. शाळा उघडल्या, त्या अशा.

‘सुसंस्कृत व्हर्जिनियात मारझोड नव्हती’ यावर फार शाई खर्च करायची गरज नाही. 10 जून 1963 ला डॅनव्हिल शहरात निदर्शकांवर पाण्याचे जोरदार फवारे मारले, मग लाठ्या चालवल्या; कितीतरी जण रुग्णालयात गेले. नेत्यांवर जो आरोप ठेवला तो गुलामगिरीच्या काळातल्या कायद्याखाली: काळ्यांना गोऱ्यांविरुद्ध चिथावणी दिली म्हणून. पण कायद्याची कलमं आणि अंदाजपत्रकातला शून्य यांनी जे केलं ते लाठीपेक्षा कमी क्रूर होतं, असं मला अजिबात वाटत नाही. लाठीचा फोटो छापून येतो. शाळा न पाहिलेल्या मुलाचा फोटो कोण काढणार?

राहता राहिला धीराचा सल्ला. न्यू केंट या दुसऱ्या काउंटीत दोनच शाळा होत्या, एक गोऱ्यांची आणि एक काळ्यांची. 1965 साली अधिकाऱ्यांनी सांगितलं की आता ज्याला जी हवी ती शाळा निवडा. वरवर किती न्याय्य! तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने वॅटकिन्स ही काळ्यांची शाळा निवडली नाही आणि 85 टक्के कृष्णवर्णीय मुलं तिथेच राहिली. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने हा पर्याय अपुरा ठरवला आणि वेगळेपणा मुळापासून काढण्याची जबाबदारी मुलांवर वा पालकांवर नाही, शाळा मंडळावर आहे, असं बजावलं. हा दावासुद्धा तिथल्या पालकांनी आणि एन.ए.ए.सी.पी.ने लावून धरला होता. 1954 पासून 1968 पर्यंत, चौदा वर्षं, जे जे पुढे सरकलं ते कुणीतरी नोकरी, घर किंवा मुलाचं शिक्षण पणाला लावून ढकललं म्हणून. नुसती वाट पाहून काही मिळालं असेल तर ते मजकूर पाठवणाऱ्यांनी दाखवावं.