प्रभागाचा इतिहास लिहायचाय? मग राजपत्र उघडू नका

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं, दुसऱ्या दिवशी मोजणी झाली, आणि तेव्हापासून 'आपल्या प्रभागाचा निवडणूक-इतिहास' नावाचे रंगीत तक्ते ग्रुपवर फिरतायत. अंगावरचा गुलाल धुवायच्या आत तक्ता तयार! तुमचाच तेवढा राहिला असेल तर लागा कामाला. कृती सोपी आहे.

पहिलं म्हणजे, प्रभागाचा नंबर घ्या. फक्त नंबर. हद्द-बिद्द कशाला? २०१२ चा नऊ, २०१७ चा नऊ, २०२६ चा नऊ, तिघांचे विजेते एकाखाली एक मांडा आणि वर 'परंपरा' असं लिहा. पुण्यात तर हा प्रयोग फारच खुलतो. तिथे २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोघांचा प्रभाग, २०१७ ला चौघांचा. पुढे सरकारने आधी एक सदस्य ठरवला, मग तीन ठरवले. ५८ प्रभाग आणि १७३ जागांचा आराखडाही काढून झाला. सरकार बदललं, तो कागदावरच राहिला, आणि शेवटी ४१ प्रभाग, १६५ जागा यावर गाडी थांबली. त्यातले चाळीस प्रभाग चौघांचे, एक पाचांचा. मधल्या काळात आधी ११ गावं शहरात आली, नंतर २३. एवढं होऊनही तुमचा नऊ नंबर जागचा हललेला नाही, हे कौतुकच.

नंबर पडतो कसा, तेही विचारू नका. उत्तरेकडून सुरुवात, मग ईशान्य, पूर्व, तिथून पश्चिमेला सरकत सरकत शेवट दक्षिणेत. वरच्या टोकाला एक प्रभाग वाढला की खालचे सगळे नंबर एकेक घर पुढे. म्हणजे घर तेच राहिलं तर नंबर बदलतो, आणि नंबर तोच राहिला तर माणसं बदलतात. मुंबईत याहून मोठी गंमत आहे. २०१२ लाही २२७ वॉर्ड, २०१७ लाही २२७. आकडा तोच, मग बदललं काय? तर २०११ च्या जनगणनेवर हद्दी नव्याने आखल्या आणि शहर भागातले सात वॉर्ड उपनगरांकडे गेले. तरी तक्त्यात छातीठोक लिहायचं, 'हा वॉर्ड पंचवीस वर्षं अमक्यांचा बालेकिल्ला'. कुठला वॉर्ड हो? नाल्याच्या अलीकडचा की पलीकडचा? प्रभाग बनतो जनगणनेच्या प्रगणक गटांनी, म्हणजे एकेका गणनाकाराला मोजायला दिलेल्या घरांच्या तुकड्यांनी, आणि सरासरी लोकसंख्येच्या दहा टक्के खाली-वर एवढीच मुभा असते. पाच-सहा गट शेजारच्या प्रभागात ढकलले की बालेकिल्ल्याची भिंत, दरवाजा आणि किल्लेदार तिघेही पलीकडे. इथे उरतो तो नंबर. त्या नंबरावर तुम्ही इतिहास लिहिताय!

असो. पुढे चला.

पक्ष चिन्हावरून ओळखा. २०१७ चा धनुष्यबाण आणि २०२६ चा धनुष्यबाण एकाच रंगात रंगवा, मशालीसाठी कुठला तरी उरलेला रंग.

युती होती की नव्हती, याने काहीही फरक पडत नाही. मुंबईत २०१२ ला शिवसेना-भाजप एकत्र लढले, २०१७ ला समोरासमोर. तुम्ही मात्र 'भाजपची मतं वाढली' एवढंच लिहा.

मतदानाची टक्केवारी काढताना अ, ब, क, ड या चारही जागांची मतं एकत्र करा आणि मतदारसंख्येने भागा. उत्तर शंभराच्या वर गेलं तर त्याला 'विक्रमी उत्साह' म्हणायचं. एका मतदाराने चार मतं दिली, म्हणून कुठल्याही एकाच जागेची एकूण मतं नोटासकट धरायची असतात, असली किरकिर करणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाका.

आरक्षण लिहू नका. २०१२ पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या, सोडतीत जागा गेली आणि त्याच घरातल्या वहिनी उभ्या राहिल्या, असल्या तपशिलाने तक्ता लांबतो. 'नवा चेहरा' पुरे.

मताधिक्याचा रकाना मात्र हवाच. २०१७ ला मुंबईच्या २२० क्रमांकाच्या वॉर्डात दोघांची मतं समान पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लागला. तिथे 'जनतेचा स्पष्ट कौल' असं लिहा.

जातवैधता प्रमाणपत्र वेळेत न दिल्याने पद गेलं, पोटनिवडणूक झाली? गाळा. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं.

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ हा काळ तर आलाच नव्हता. पुण्या-मुंबईत जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता, एकही नगरसेवक नव्हता, ज्या राज्यघटनेत पाच वर्षांची मुदत लिहिली आहे तिच्याच देशात! पण फ्लेक्सवर 'विद्यमान' लिहिलेलं होतं ना? मग तुमच्या तक्त्यातही '२०१७–२०२६, कार्यसम्राट' असं एका ओळीत टाका. नऊ वर्षं एका दमात! प्रश्न कोणी विचारला नाही तेव्हा, तक्त्यात कोण विचारणार?

अहो, पण जरा लाज बाळगा की. अंतिम प्रभागरचना राजपत्रात छापतात. त्यात प्रत्येक प्रभागाची उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम हद्द रस्त्या-नाल्यांच्या नावानिशी मराठीत लिहिलेली असते, सोबत नकाशा असतो. दोन निवडणुकांची ती पानं शेजारी ठेवायला अर्धा तास लागतो. पीडीएफ तिरकी स्कॅन केलेली आहे, शोध चालत नाही, मान्य. मग डोळ्यांनी वाचा! दोन्हीकडचे प्रगणक गट जुळवा. जे दोन्हीकडे आहेत तेवढ्यांचीच मतदान केंद्रनिहाय मतं घ्या, आणि केंद्राचा क्रमांक नका धरू, तोही बदलतो. मतदार यादीच्या कुठल्या भागातले मतदार तिथे होते ते बघा. जुळत नसेल तर 'तुलना होत नाही' असं सरळ लिहा, त्याने कोणी मरत नाही. आणि हे जमणार नसेल, तर निदान २०१२ ला आपली स्वतःची सोसायटी कुठल्या नंबरात होती एवढं तरी शोधा, आणि ते सापडेपर्यंत तो रंगीत तक्ता पुढे ढकलू नका.