एक तोडलं तर दहा लावू म्हणे!

सकाळी सकाळी एका ग्रुपवर फोटो आला. चिखलात ओळीने रोवलेल्या काड्या, मागे बॅनर, पुढे सगळ्यांचे अंगठे वर. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘रस्त्यासाठी खारफुटी गेली म्हणून रडत बसू नका, एकाच्या बदल्यात दहा लावतोय.’ त्यावर बदामांचा नुसता पाऊस. डोकंच फिरलं. दुपारपर्यंत गप्प बसून बघितलं, जमलं नाही, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

मला एकदा ऑफिसतर्फे अशाच एका ड्राइव्हला नेलं होतं, टी-शर्ट वगैरे देऊन. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं, समोर मोकळा चिखल आणि त्यात कांदळाच्या त्या लांब हिरव्या शेंगा खोचायच्या. कांदळ आणि तिवर ही खारफुटीचीच झाडं. (कांदळच का? तर ती खोचली की लगेच झाड लावल्यासारखं दिसतं. तिवराचं बी एवढंसं, त्याचा कसला फोटो येणार.) बाजूला गुडघाभर चिखलात एक मावशी चिंबोऱ्या शोधत होत्या. बराच वेळ आमच्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “इथं कधी झाड बघितलंय का कुणी? भरतीला पुरुषभर पाणी चढतं इथं. झाडाला जमलं असतं तर ते तुमची वाट बघत थांबलं असतं होय?”

कोऑर्डिनेटर हसला आणि त्यांच्यासोबत सेल्फी काढून मोकळा झाला.

पण बाई शंभर टक्के बरोबर होती हो! खारफुटी खाऱ्या पाण्यात वाढते म्हणजे सतत पाण्यात बुडून वाढते असं नाही. तिवराची ती पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं काय शोभेला असतात? त्या चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं, दिवसातले काही तास तरी पाणी उतरावंच लागतं. सखल चिखलात रोप लावलं की ते गुदमरून मरतं, नाहीतर लाटेबरोबर जातं. फिलिपिन्सने हे वर्षानुवर्षं, अफाट पैसा घालून करून बघितलंय. तिथल्या संशोधक जर्गेन प्रिमावेरा यांनी हिशेब मांडला तर बहुतेक ठिकाणी जगलेली रोपं १० ते २० टक्के. आणि तो चिखल ‘रिकामा’ तरी कुठे असतो, स्थलांतरित पक्षी त्यावरच पोट भरतात. मग लावतात तिथेच का? कारण तिथे कुणाचा सातबारा नसतो, भांडायला कुणी येत नाही. खारफुटीची खरी जागा कोळंबीच्या तळ्यांखाली नाहीतर भरावाखाली गेलेली असते, ती परत मागायची हिंमत कुणात आहे?

त्या मावशींनी पुढे काय दाखवलं ते तर ऐका. रस्त्यापलीकडे तिवरांचा आख्खा पट्टा उभ्या उभ्या वाळलेला. एकावरही कुऱ्हाडीचा घाव नाही! रस्त्याखालची मोरी राडारोडा टाकून बुजली होती, भरतीचं पाणी आत जाणं बंद, आतलं पावसाचं पाणी बाहेर निघणं बंद. संपलं. “ती मोरी उघडा ना,” म्हणाल्या, “बी काय, भरतीच घेऊन येते.” फ्लोरिडातले खारफुटीतज्ज्ञ रॉबिन लुईस आयुष्यभर दुसरं काय सांगत होते? आधी पाण्याची वाट दुरुस्त करा, जमिनीची उंची बघा, झाडं आपली आपण येतात. त्यांनी तिथे ते करूनही दाखवलं. पण मोरी उघडताना बॅनर कुठे धरायचा, नाही का.

आणि ते ‘दहा’ म्हणजे दहा काय? जुन्या खारफुटीतला तो काळा चिखल, सडक्या अंड्यासारखा वास येणारा, ज्याला सगळे नाक मुरडतात, त्यात हवा नाही म्हणून पानं-मुळं धड कुजतच नाहीत आणि कार्बन शतकानुशतकं दाबून राहतो. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर जिथे मोजलंय तिथे हेक्टरी सरासरी १००० टनांच्या आसपास, त्यातला बराचसा चिखलातच. जंगल तोडून चिखल उघडा पाडला की तोच कार्बन हवेत जायला लागतो. वीतभर काडी ते भरून काढणार? शंभर मीटरचा दाट पट्टा लाटेची उंची १३ ते ६६ टक्के कमी करतो. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशातल्या केंद्रपाडात ज्या गावांपुढे रुंद खारफुटी होती तिथे माणसं कमी मेली. त्सुनामीपुढे फार चालत नाही, ठीक आहे. काडीपुढे तर भरतीही थांबत नाही.

बरं, मान्य, लागवड कायमच फालतू नसते. आसपास बी देणारी झाडंच उरली नसतील तर लावावंच लागतं. आणि हो, रस्ते मलाही लागतात.

त्या फोटोतल्या पोरांवर राग नाहीये माझा, खरंच. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून चिखलात उतरलीत, कौतुकच आहे. राग आहे तो त्यांना तिथे नेणाऱ्यांवर. केनियात गाझी बे म्हणून जागा आहे, तिथले गावकरीच ११७ हेक्टर खारफुटी राखतात, तिने धरून ठेवलेल्या कार्बनची क्रेडिट्स विकतात आणि तो पैसा गावाच्या पाण्यावर, शाळेवर खर्च होतो. म्हणजे खाडीत रोज उतरणाऱ्या माणसाला तिथे विचारतात. आमच्या ड्राइव्हमध्ये माईकवर चार जण बोलले, मावशींना कुणी माईक दिला नाही. त्या तेवढ्यात टोपली भरून निघूनही गेल्या.

२६ जुलैला खारफुटी दिन आहे, म्हणजे परत टी-शर्ट छापले जाणार. ज्यांना ज्यांना मेसेज येईल त्यांनी आयोजकांना एवढंच विचारा की या जागी आधी खारफुटी होती का, आणि होती तर ती गेली कशाने. उत्तर आलं नाही तर जाऊ नका. आणि बुजलेली मोरी मला माहितीये. परवानग्या लागतील, जेसीबी लागेल, दोन-चार ऑफिसांत खेटे घालावे लागतील. कोण येतंय ते कमेंटमध्ये लिहा, बदाम नकोत.