वाढपी आपला हवा

पुण्यात पक्षपात होत नाही, हे आधी नीट घोकून घ्या. इथे फक्त ओळख असते. नवीन आला असाल तर हा फरक समजायला दोन-तीन वर्षं लागतील, तोवर रांगेत उभे राहा. रांगा इथे चांगल्या लागतात.

मुळात 'पक्षपात' हा शब्द जपून वापरायचा आहे. पक्ष म्हणजे पंख, पक्ष म्हणजे पंधरवडा, पक्ष म्हणजे बाजू. पात म्हणजे पडणं. तेव्हा कुणीतरी एका बाजूला पडलं की झाला पक्षपात. पण ती बाजू कुणाची, हे पाहिल्याशिवाय तोंड उघडू नका. माप समोरच्याकडे झुकलं तर पक्षपात म्हणा, हवं तर वर्तमानपत्राला पत्र लिहा. आपल्याकडे झुकलं तर त्याला पुण्याई म्हणतात.

'वशिला' त्यामानाने घरगुती. अरबीतला 'वसीला' फारसीमार्गे आपल्याकडे आला. तिथे त्याचा अर्थ साधन, जवळ पोचण्याचा मार्ग, अगदी देवाजवळसुद्धा. आपण एवढ्या लांबचं बोलत नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांपर्यंत पोचलं तरी भागतं. एक पथ्य मात्र पाळा. वशिला लावायचा असतो, उच्चारायचा नसतो. 'जरा शब्द टाका', 'त्यांच्या कानावर घालून ठेवा', 'माझं नाव सांगा' एवढ्यावर अख्खं शहर चालतं. ज्याचं नाव सांगायचं तो तुम्हाला ओळखत असलाच पाहिजे असं नाही. ऐकणारा त्याला ओळखत असला की पुरे. काम झालं की मुलगा हुशारच होता. शेजाऱ्याच्या मुलाचं झालं तर ते वशिल्याचं तट्टू. बाब्या आणि कार्टं यांच्यातला भेद आपल्या म्हणीने कधीच लावून दिलाय, त्यात नव्याने डोकं घालू नका.

हल्ली तरुण मंडळी 'नेपोटिझम' म्हणतात. म्हणू द्या, शब्द घरातलाच आहे. लॅटिन 'नेपोस' म्हणजे पुतण्या, भाचा, नातूही; आणि आपला 'नातू' ज्या संस्कृत 'नप्तृ'वरून आला तो या नेपोसचा सख्खा भाऊबंद. रोममध्ये पोप आपल्या पुतण्या-भाच्यांना कार्डिनलची लाल टोपी घालत (टोपी घालण्याचा मराठी अर्थ इथे घेऊ नये). शेवटी बाराव्या इनोसंट पोपनी १६९२ साली फर्मान काढलं, की फार तर एका नातेवाइकाला कार्डिनल करावं, तोही लायक असेल तर. लायकीची अट घालून त्यांनी प्रथेतली सगळी मजाच घालवली.

आपल्याकडची काका-पुतण्यांची परंपरा जरा वेगळी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव 'काका, मला वाचवा' म्हणत धावले, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. वशिला थेट होता, मधे शिपाईसुद्धा नव्हता, तरी चालला नाही. का? तर म्हणे चिठ्ठीत 'ध'चा 'मा' झाला होता. म्हणून सांगतो, कुणाची चिठ्ठी घेऊन कुठे जाणार असाल तर पाकीट उघडून एकदा वाचा. शिष्टाचार नंतर.

पण या सगळ्यांत माझा आवडता शब्द 'पंक्तिप्रपंच'. एकाच पंगतीत एकाच्या वरणभातावर तुपाची धार आणि शेजाऱ्याच्या भातावर जेमतेम थेंब, याला स्वतंत्र शब्द असणं ही काय साधी संस्कृती आहे? आपल्या पूर्वजांनी मान खाली घालून जेवताना डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारचं पान मोजलं, म्हणून हा शब्द आपल्याला मिळाला. जाणते लोक सांगतात, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं. बुफे आल्यावर हे संपेल असं वाटलं होतं. परवा एका कार्यालयात बघितलं, रसमलईच्या टेबलामागचा मुलगा वरपक्षाला दोन आणि आम्हाला एक घालत होता. इथेही पक्षच.

निःपक्षपाती दिसायचं असेल तर सोडत काढा. आमच्या सोसायटीत गाड्या छत्तीस, पार्किंगच्या जागा बावीस. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, डबा हलवला आणि सेक्रेटरींच्या पाच वर्षांच्या नातीने बाळहाताने पहिली चिठ्ठी काढली. सेक्रेटरींचीच निघाली. दुसरी त्यांच्या व्याह्यांची. नेपोस म्हणजे नातूच काय, नातही चालते. मी उभा राहून 'पक्षपात!' म्हणणार होतो, चारही अक्षरं जिभेवर आली होती. तेवढ्यात तिने तिसरी काढली.

ती माझी. जिन्यालगतची, सावलीतली जागा.

त्यामुळे सोसायटीत कुठे काही अडलं तर बेलाशक माझं नाव सांगा. सेक्रेटरींना मात्र सांगू नका, पोरीला मी आदल्या दिवशी चॉकलेट दिलं होतं हे त्यांना माहीत नाही.